किनारा मोजणाऱ्या बाई

आमच्या बाई वर्षातून दोनच दिवस रजा घेत. एक दिवस समुद्रापर्यंत पोचायला आणि एक दिवस समुद्राच्या काठानं चालायला. उरलेला प्रवास त्या रात्रीच्या एसटीत आणि रविवारी उरकत. सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला त्या जालन्याच्या एमआयडीसीत, आमच्या बियाण्याच्या कारखान्यात, ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून कोंब मोजत बसलेल्या असत. पायांतल्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतून तेव्हाही थोडी वाळू सांडायची. झाडणारी मावशी ती सुपलीत घेऊन सगळ्यांना दाखवत फिरायची, "बघा, कोकण आलं!"

मी तिथं लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. जाफराबादजवळच्या खेड्यातून आलेली, जालन्यात मावशीकडे राहणारी, बारावी झालेली मुलगी. बाईंच्या हाताखाली मदतनीस म्हणून मला घेतलं होतं. काम सोपं होतं, पण चुकायला जागा भरपूर. पोत्यातून मूठभर बी काढायचं, त्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागद गुंडाळून उबदार कपाटात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. मग बाई सही करत. त्या सहीशिवाय पोतं गेटाबाहेर जात नसे.

पहिल्याच महिन्यात मी बाईंचं खरं रूप बघितलं. कपाशीच्या एका मोठ्या मालाची उगवण कमी आली. पासष्ट दाणे उगवायला हवे होते, एकसष्ट उगवले. ट्रक गेटावर उभा. मॅनेजर स्वतः प्रयोगशाळेत आले, खुर्ची ओढून बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, चार दाण्यांनी काय होतं? शेतात माती असते, ऊन असतं. तिथं उगवतील की."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "साहेब, शेतात उगवले तं मला बोलवा. मी येऊन मोजते आन् सही करते."

"ट्रक उभा आहे हो."

"उभा ऱ्हाऊ द्या. त्याला काय पाय दुखत्यात?"

मॅनेजर लाल झाले, पण ट्रक रिकामाच परत गेला. मी घाबरून हातातला कागद पुन्हा पुन्हा भिजवत होते. बाई मात्र पुढची गुंडाळी उघडून बसल्या. मला म्हणाल्या, "हातात पाणी कमी घे गं, कागद फाटतो."

उंचीनं बुटक्या, रंगानं काळ्यासावळ्या, केस घट्ट बांधलेले. साडी नेहमी सुती आणि चार बोटं वर नेसलेली, म्हणजे बूट दिसावेत म्हणूनच जणू. शहरातून एमआयडीसीकडे येणाऱ्या टेम्पोत आम्ही सगळे कोंबून बसायचो. बाई कारखान्याच्या दोन किलोमीटर अलीकडे उतरायच्या आणि चालत यायच्या. टेम्पोवाले चाचा आधी हसायचे, मग त्यांनाही सवय झाली. बाईंची जागा आली की ते आपणहून ब्रेक दाबायचे. एखादा नवा कामगार विचारायचा, की ही बाई इथं माळावर का उतरते? चाचा म्हणायचे, "अरे, उनकू पैदल चलने का शौक है. तेरेकू क्या तकलीफ?"

शौक म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. महाराष्ट्राच्या अगदी खालच्या टोकाला, गोव्याच्या हद्दीपाशी, बाईंनी एक्क्याऐंशी साली चालायला सुरुवात केली होती. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी एक दिवस चालायचं. मागच्या वर्षी जिथं थांबलो त्याच जागेला हात लावून सुरू करायचं आणि संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला जिथं पोचू तिथं थांबायचं. मध्ये खाडी आली तर होडीनं ओलांडायची, डोंगर आला तर चढायचा. पण जमिनीवरचा एकही तुकडा गाडीनं जायचा नाही. आणि सोबत कुणी न्यायचं नाही.

"सोबत का नाही?" मी एकदा विचारलं.

"दोघी गेल्या की गप्पा मारत्यात. मंग बघतं कोण?"

"पण बाई, हे कशासाठी?"

बाई तेव्हा ज्वारीचे दाणे मांडत होत्या. शंभर पुरे झाल्यावर म्हणाल्या, "शाळंत नकाशा काढायला लावायचे. तीन बाजू मला बराबर जमायच्या. समुद्राची बाजू कधीच जमली न्हाई. कितींदा तरी पट्टी खाल्ली त्या रेघेपायी. लग्न झालं, मालक सहा वर्षांत गेले, नोकरी लागली, तरी ती रेघ डोक्यातून जाईना. मंग म्हणलं, काढता येत न्हाई तं चालूनच बघू."

एवढंच कारण. लोकांना मात्र ते पुरत नसे. एकटी बाईमाणूस दर वर्षी कोकणात जाते म्हटल्यावर जालन्यात काय काय बोललं जायचं, ते सांगायला नको. कुणी नवस म्हणायचं, कुणी त्याहून वाईट. बाईंच्या कानावर येत नसेल असं नाही. पण बाई त्यावर बोलायच्या नाहीत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या धपाट्याचा घास मोडत एवढंच सांगायच्या, की यंदा एवढं चाललं, अमुक खाडीत होडीवाला जेवायला गेला होता म्हणून एक तास थांबावं लागलं, तमुक गावच्या पाण्याला गूळचट चव आहे. किती आणि कुठं, याच्यापलीकडे त्यांचं सांगणं जायचं नाही.

एसटीबद्दल मात्र त्या भरभरून बोलत. त्यांचे नियम ठरलेले होते. गाडी कुठं जाते ते कंडक्टरला नव्हे, ड्रायव्हरला विचारायचं, कारण कंडक्टरला तिकिटाची घाई असते. फलाटावर गर्दी असली तर डेपोच्या गेटाजवळ जाऊन उभं राहायचं. आणि सर्वांत मोठा नियम, "शेवटची गाडी आपली समजायची न्हाई. शेवटच्या आधीची, ती आपली."

पुढे बाई निवृत्त झाल्या, दोन हजार सालाच्या पुढेमागे. लोकांना वाटलं, आता वेळच वेळ आहे, महिनाभर जाऊन सगळा किनारा संपवतील. बाईंनी तसं केलं नाही. वर्षाला एकच दिवस. गुडघ्यांनी साथ सोडली तोवर त्या अलिबागच्या वर पोचल्या होत्या. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, बाईंच्या चालण्याच्या पंधराव्या वर्षाचं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी बाई प्रयोगशाळेतल्या स्टुलावरून पडल्या. वरच्या फळीवरचे कागद काढत होत्या. घोटा मोडला. प्लास्टर लागलं. मी दवाखान्यात गेले तर बाई छताकडे बघत पडलेल्या. दुखतंय का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ते दुखू दे. शनिवारचं काय?"

"बाई, पुढच्या वर्षी जा."

"चौदा साल एकबी खाडा न्हाई." मग माझ्याकडे मान वळवली. "तू जाती का?"

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा भीती वाटली की आनंद झाला, ते अजून सांगता येत नाही. मी औरंगाबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते. सगळ्यांत मोठं पाणी बघितलं होतं ते शहागडला गोदावरीचं, एका लग्नाला गेलो होतो तेव्हा, ट्रकमधून.

"आबा सोडणार नाहीत," मी वडिलांचं नाव पुढं केलं.

"त्याचं मी बघते."

दोन दिवसांनी बाई प्लास्टरचा पाय आणि काखेत कुबडी घेऊन, एसटीनं जाफराबाद आणि तिथून जीपनं आमच्या खेड्यात हजर. जीपवाल्यानं त्यांना पुढं बसवलं होतं. आबा अंगणात बाजेवर बसून सुतळी वळत होते. एवढ्या लांबून मोडक्या पायानं कुणी आलंय म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले.

बाईंनी पाणी प्यायल्या प्यायल्या विषय काढला. आबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एकल्या पोरीला एवढ्या दूर? बिलकुल न्हाई."

"एकलीच जायचं ऱ्हातं ते."

"आन् काही झालं तं?"

"मला चौदा साल काय झालं?"

"तुमची गोष्ट येगळी हाय, बाई."

"कशी येगळी? मीबी पहिल्यांदा गेल्ते तेव्हा मला कुठं काय येत व्हतं? गाडीची पाटी वाचता येती का तुमच्या पोरीला? येती. तोंडानं विचारता येतं का? येतं. मंग झालं."

आबांनी सुतळी पुन्हा हातात घेतली, पण हो म्हटलं नाही. तेवढ्यात आई चुलीपुढून उठून दारात आली. बाईंना म्हणाली, "तिथलं पाणी खारं असतं म्हणत्यात. खरं हाय का?"

"चाखून बघितलंय. खारं हाय."

"सगळंच्या सगळं?"

"जिथवर मी चाखलं, तिथवर तरी सगळं."

आई हसली आणि आबांकडे बघून म्हणाली, "जाऊ द्या तिला. येताना बाटलीभर आणंल. मलाबी बघायचंय."

आबांनी शेवटी एक अट घातली. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ते जाफराबादच्या फोनच्या दुकानात येऊन बसतील. सहाला माझा फोन आला पाहिजे. नाही आला तर ते तसेच पुढच्या गाडीनं कोकणात निघतील. "कोकण कुठं हाय ते मला ठाव न्हाई," ते म्हणाले, "पर मी निघंन."

बाईंनी मला त्यांचे बूट दिले. माझ्या पायाला एक माप मोठे होते. आत सरकी काढलेला कापूस कोंबला. कागदावर त्यांनी गाड्यांच्या वेळा लिहून दिल्या. जालना ते पुणे, पुणे ते दापोली. दापोलीत स्टँडमागे एका निवृत्त नर्सबाईंकडे रात्री राहायचं. सकाळी सहाच्या गाडीनं बुरोंडी. तिथं होड्या ओढून ठेवतात त्या जागेजवळ मोठा काळा धोंडा आहे, त्याला हात लावून सुरू करायचं. समुद्र डाव्या हाताला ठेवून चालायचं. मुक्काम हर्णै बंदर. सहाला तिथूनच आबांना फोन करायचा. साडेसहाची गाडी आपली, साडेसातची शेवटची.

त्या शनिवारी सकाळी बुरोंडीची गाडी उतार उतरत होती. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते. एका वळणावर समोरचं आभाळ खाली आलं आणि खालचा भाग हलायला लागला. मी उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "बस गं बाय, पडशील." मी बसले नाही. हे पाणी आहे हे माझ्या डोक्यात शिरायला गाडी दोन वळणं पुढे जावी लागली.

धोंड्याला हात लावला. मग मी बाईंचे नियम विसरले. बूट काढून गळ्यात अडकवले आणि धावत पाण्यात गेले. लाट आली, गुडघ्यापर्यंत चढली आणि मागे जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. मला वाटलं मीच मागे चालले आहे. मी ओरडले. कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून अजून मोठ्यानं ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी असं ओरडत होते, की ज्याला कारण नव्हतं आणि ज्याबद्दल कुणी रागावणार नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही. घड्याळात बघितलं तर एक तास झाला होता.

मग चालले. तिकडे वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. एक पुळण संपली की टेकडी, टेकडी उतरली की पुढची पुळण. ओहोटी होती, ओली वाळू रस्त्यासारखी कडक. मी चालता चालता धपाटी खाल्ली. लहान लहान खेकडे माझी चाहूल लागली की बिळात शिरायचे, आणि मी पुढे गेले की मागून परत यायचे. ते बघायला मी उलटी चालायचे. एका जागी पाण्यातून म्हशीच्या पाठीसारखं काळं काहीतरी वर आलं, गेलं, परत आलं, आणि मग एकदम चार. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे मी पळत गेले. "बाबा, ते काय हाय?"

"डॉल्फिन," तो मान वर न करता म्हणाला. "कुठली गं तू?"

"जालन्याची."

"ते कुठं आलं?"

मला आबांची आठवण झाली. "इकडून लई दूर," मी म्हणाले. आणि त्या क्षणी मला भयंकर आनंद झाला. मी खरोखरच लई दूर होते, आणि माझी मीच आले होते.

मुरूडची पुळण संपेपर्यंत तीन वाजून गेले. पुढे खडक होते. मी त्यांच्यावरून जायला निघाले, तर डोक्यावर पाटी घेतलेल्या एका बाईनं हाक मारली. "ए बाय, खडकावरनं नको जाव. भरती लागलीय. तासाभरात मांडीपर्यंत पाणी येल. वरच्या रस्त्यानं जा."

मी वरच्या डांबरी रस्त्याला लागले. ऊन तिरपं झालं होतं. बुटांतला कापूस ओला होऊन गोळे झाले होते, टाचेला फोड आला होता. चढ संपत नव्हता. आणि सहा वाजायच्या आत हर्णैला फोनचं दुकान शोधायचं होतं. मैलाच्या दगडावर "हर्णै २" वाचलं आणि तिथंच टेकले. तेवढ्यात मागून दापोलीहून येणारी एसटी आली. मी हात केला नव्हता. गाडी आपणहून थांबली. कंडक्टरनं दार उघडून म्हटलं, "चढ गं, अशी काय बसलीस? पाय कसा झालाय बघ."

आमच्याकडे हात करून करून थकलं तरी गाडी थांबत नाही. इथं न सांगता थांबली. मी विचार न करता चढले. आत माशांच्या पाट्या, बायका, खचाखच गर्दी. मी दोन दांड्यांना धरून लोंबकळत उभी. समोर कुणाच्या तरी खांद्याशिवाय काही दिसत नव्हतं. पाच-सात मिनिटांत हर्णै आलं. उतरल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. दोन किलोमीटर. चौदा वर्षं आणि एक दिवस, आणि दोन किलोमीटर.

परत जाऊन चालून यावं असं वाटलं. पण पाय टाकवत नव्हता. बंदरावर माशांचा लिलाव चालू होता. बैलगाड्या पाण्यात घुसून होड्यांतला माल आणत होत्या, आणि बैल पोटापर्यंत पाण्यात असे निवांत उभे होते, जणू आमच्या खेड्यातल्या ओढ्यातच आहेत. एरवी मी तिथून हलले नसते. त्या दिवशी मला अर्धंच दिसलं.

सहा वाजता फोन लावला. पहिल्याच घंटीला आबांनी उचलला. "पोचलीस?"

"पोचले आबा."

"केवढं हाय पाणी?"

"आबा, पलीकडचा काठ दिसत न्हाई."

आबा हळू म्हणाले, "बिलकुल दिसत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"बरं," आबा म्हणाले. "मंग जल्दी ये. आन् बाटली विसरू नको."

बाटली विसरले नाही. आईनं ओंजळीत घेऊन चाखलं, थू थू केलं, आणि मग शेजारच्या सगळ्या बायकांना एकेक थेंब दिला.

बाईंकडे मात्र मी मंगळवारपर्यंत गेले नाही. गेले तेव्हा त्यांनी उशीला टेकून बसत फक्त एवढंच म्हटलं, "सांग."

मी सांगितलं. धोंडा, लाटा, खेकडे, म्हशीच्या पाठी. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या, पुळणी किती लागल्या, चढ किती. मी झरझर उत्तरं देत होते. त्या दोन किलोमीटरांपाशी आले आणि म्हणाले, "मग रस्त्यानं हर्णैला उतरले."

"हर्णैच्या समोर पाण्यात किल्ला हाय म्हणत्यात. रस्त्यावरून पहिल्यांदा कुठं दिसला?"

मला माहीत नव्हतं. मी कुणाच्या तरी खांद्याकडे बघत होते. खोटं बोलता आलं असतं. एखादं वळण सांगितलं असतं तर बाईंना कळायला मार्ग नव्हता. माझ्या तोंडात शब्द आलाही होता. पण समोर बसलेलं माणूस कोण आहे ते दिसत होतं. मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. समजूतही घातली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "दोनच ना? दगड नीट वाचला व्हता?"

"हो."

"मंग दोन ऱ्हायले. पुढल्या साली भरायचे."

"तुम्ही परत तेवढ्यासाठी..."

"मी कशाला? मी हर्णैपासून पुढं जाईन. ते दोन तुझ्या पायाखालून सुटले, तूच भर."

मला वाटलं, गंमत करतायत. पण बाई गंमत करत नसत. पुढच्या वर्षी संक्रांतीनंतरच्या गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या मापाचे नवे पांढरे बूट घालून जालन्याच्या स्टँडवर उभी होते. दोन किलोमीटर चालायला पाचशे किलोमीटर निघालेली. आबांनी या वेळी अट घातली नाही. फक्त म्हणाले, "तिकडचे बैल पाण्याला भेत न्हाईत म्हणालीस, त्यांच्या शिंगांकडं नीट बघून ये."

गाडीत चढले तर तिसऱ्या सीटवर बाई. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी शेजारी बसायला गेले तर त्यांनी शांतपणे बोट दाखवलं. "मागं जा. मी एकली चालले. तूबी एकलीच हायेस."

आणि त्यांनी ते पाळलं. रात्रभर वळून बघितलं नाही. पुण्याच्या स्टँडवर मी म्हटलं, "बाई, चहा घ्यायचा?" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी परकी बाई सीट धरायला सांगते आहे. त्यांनी एका टपरीवर चहा घेतला, मी दुसऱ्या. मला इतकं हसू येत होतं की चहा सांडला. दापोलीत नर्सबाईंकडे दोन वेगवेगळ्या खोल्या. सकाळी हर्णैच्या एकाच गाडीत आम्ही, त्या पुढे, मी मागे.

मी दगडापाशी उतरले. गाडी निघाली, आणि खिडकीतून बाईंचं डोकं पुढे जाताना दिसलं. मग मी चालले. कोवळं ऊन होतं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर दोन आंब्यांच्या मधून तो समोर आला. निळ्या पाण्यात काळा तट, आणि तटाभोवती पांढरी फेसाची रेघ. मी रस्त्यातच थांबले. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, मला ऐकूच आलं नाही.

साडेसात वाजता मी हर्णैत होते. माझं काम संपलं होतं आणि दिवस अख्खा उरला होता. बाई केव्हाच उत्तरेला निघून गेल्या होत्या. आधी मी बंदरावर जाऊन बैलांची शिंगं बघितली. मग वळले आणि मागच्या वर्षीची वाट उलटी चालायला लागले. ओहोटी होती, खडक उघडे होते. समुद्र आता उजव्या हाताला. सगळं ओळखीचं आणि सगळं नवं. मी घड्याळ पिशवीत टाकलं. भूक लागली तेव्हा खाल्लं, वाटलं तिथं बसले, आणि ऊन उतरता उतरता बुरोंडीच्या काळ्या धोंड्याला हात लावला.

अंधार पडायच्या आत दापोलीच्या स्टँडवर आले. बाई बाकावर बसून बूट झाडत होत्या. पुण्याची गाडी लागायची होती. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. "आता बस. चालणं संपलं."

"किल्ला दुसऱ्या वळणावर दिसतो, बाई. दोन आंब्यांच्या मधून."

त्यांनी मान डोलावली. "आन् मंग दिवसभर काय केलं?"

"परत चालले. बुरोंडीपर्यंत."

"मोजलेलं परत कशाला चालायचं?"

"मोजायला न्हाई चालले."

बाईंचा हात बुटावर थांबला. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो त्यांच्या तोंडून मी तोवर एकदाही ऐकला नव्हता.

"कसं वाटलं?"

मी सांगायला लागले. गाडी लागली, आम्ही चढलो, आणि बाई खिडकीशी बसल्या. या वेळी त्यांनी मला मागे पाठवलं नाही. मी सांगत होते आणि बाई मध्ये एकही आकडा न विचारता ऐकत होत्या. घाट सुरू व्हायच्या आधी कंडक्टर आला. त्यानं आमच्या दोघींच्या पायांतल्या वाळूनं माखलेल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं आणि तिकिटांची पेटी उघडली.

"दोन पुणे ना?"

"न्हाई," बाई ठामपणे म्हणाल्या. "एक पुणं. आन् एक पुणं."